बोंडअळीचं शेकडा प्रमाण: आठ वावरांच्या तक्त्याच्या नोंदी

११ सप्टेंबर

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं आमचं गाव. काळी जमीन, कपाशी आणि तूर. बचत गटातल्या आठ घरांनी ठरवलं की यंदा गुलाबी बोंडअळीची फवारणी शेजाऱ्याचा पंप सुरू झाला म्हणून करायची नाही. आधी हिरवी बोंडं फोडून पाहायची, किडकी किती ते मोजायचं आणि त्यावरून ठरवायचं. हिशेबाची वही माझ्याकडे आहे. दुसऱ्या गावात कोणाला हेच करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

नियम कृषी सहायकांनी सांगितलेलाच. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून घेणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री रोज ८ किंवा त्याहून जास्त नर पतंग सापडले, किंवा हिरव्या बोंडांपैकी १० टक्के किडकी निघाली, तर फवारणी. म्हणजे २० बोंडं फोडली आणि २ किडकी निघाली की हद्द गाठली.

२०१७ साल इकडे कोणी विसरलेलं नाही. त्या हंगामात या अळीनं विदर्भातली बोंडं आतून खाल्ली आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. लागत नसलेली एक फवारणी टळली तर पैसा वाचतोच, पण पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाच्या अंगावर पडणारं तेवढं औषधही टळतं. माझ्या मनात पहिलं कारण हे आहे.

१४ सप्टेंबर

पहिली फेरी झाली. दोन तुकड्या केल्या, प्रत्येकीत दोघी फोडायला आणि एक जण लिहायला. एका झाडावरून एकच बोंड घ्यायचं, तेही १५ ते २० दिवसांचं, बोटांत धरल्यावर किंचित दबेल असं. पार कडक झालेलं नाही आणि कोवळंही नाही. फोडून चारही पाकळ्या आतून पाहायच्या, कारण बाहेरून काहीच कळत नाही. अळी लहान असतानाच आत शिरते आणि शिरल्याचं भोक बुजून जातं.

मजुरी ३०० रुपये, ब्लेड, पिशव्या आणि वही मिळून १८० रुपये. सकाळी दोन तासांत होईल असं वाटलं होतं, दुपार झाली. चौथ्या वावरात असताना पाऊस आला आणि सहाव्यातला कागद भिजला. वहीत आलं ते असं:

| वावर | पेरणी | फोडलेली बोंडं | किडकी बोंडं | अळ्या |
|---|---|---|---|---|
| १ | जून, कोरडवाहू | २० | १ | १ |
| २ | जून, कोरडवाहू | २० | ० | ० |
| ३ | मेअखेर, ओलित | २० | ३ | ४ |
| ४ | मेअखेर, ओलित | १० | ४ | ५ |
| ५ | जून, कोरडवाहू | २० | १ | १ |
| ६ | जून, कोरडवाहू | २० | (कोरं) | (कोरं) |
| ७ | जून, कोरडवाहू | ४० | २ | २ |
| ८ | मेअखेर, ओलित | २० | २ | ३ |

सातवं वावर आठ एकरांचं आणि दोन ठिकाणी विभागलेलं आहे, म्हणून तिथे ४० बोंडं घेतली.

दुसऱ्या वावराचे काका खुशीत होते. "एकबी अळी नाही भेटली, पोरी. माह्यं वावर साफ हाये."

१५ सप्टेंबर

एका तक्त्यातून आज चार उत्तरं निघाली. गटाच्या बैठकीत यावर बराच वेळ गेला, पण तो जायलाच हवा होता.

एका ताईंनी मोबाइलवरच्या शीटमध्ये प्रत्येक वावराचे टक्के काढले: ५, ०, १५, ४०, ५, ५, १०. बेरीज ८०, सात वावरांनी भागून ११.४ टक्के. हद्द ओलांडली म्हणून सगळ्यांनी फवारायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुसऱ्या तुकडीनं अळ्यांचा रकाना धरला. अळ्या १६, बोंडं १५०, उत्तर १०.७ टक्के. तेही हद्दीच्या वर.

तिसऱ्यांनी सहाव्या वावराचा कोरा रकाना शून्य धरला आणि १३ भागिले १७० करून ७.६ टक्के काढले.

वहीत मी जे ठेवलं ते १३ भागिले १५०, म्हणजे ८.७ टक्के.

पहिल्या हिशेबात चौथ्या वावराच्या १० बोंडांना सातव्याच्या ४० बोंडांइतकाच मान मिळाला. दहा बोंडांवरून निघालेले ४० टक्के सरासरीत बसले आणि त्यांनी सगळा आकडा वर ओढला. भागाकाराचे खालचे आकडे वेगवेगळे असतील तर टक्क्यांची सरासरी काढायची नाही. आधी सगळी किडकी बोंडं एकत्र, सगळी फोडलेली बोंडं एकत्र आणि शेवटी एकच भागाकार.

दुसऱ्या हिशेबात वर अळ्या आणि खाली बोंडं असा मेळ बसला नाही. एका बोंडात दोन अळ्या असल्या तरी किडकं बोंड एकच. प्रमाण काढताना वर जे मोजलं ते खालच्या मोजलेल्यांपैकीच असावं लागतं. नाहीतर एखाद्या वाईट वावरात उत्तर शंभराच्या वरही जाऊ शकतं. अळ्यांचा रकाना ठेवायचा, पण तो या भागाकारात घ्यायचा नाही.

कोरा रकाना म्हणजे माहीत नाही, आणि शून्य म्हणजे पाहिलं पण सापडलं नाही. सहाव्या वावरातली २० बोंडं फोडली खरी, पण निकाल कागदासोबत गेला. मग ती २० खालूनही काढावी लागतात.

शीटबद्दलही एक गोष्ट लिहून ठेवते. तिथे एकाच रकान्यात ४/१० असं भरलं होतं आणि शीटनं त्याची तारीख करून टाकली. ते शोधण्यात तासभर गेला. वरचा आकडा एका रकान्यात आणि खालचा दुसऱ्या रकान्यात लिहायचा, तिरपी रेघ वापरायचीच नाही.

१७ सप्टेंबर

चौथ्या आणि सहाव्या वावरात पुन्हा गेलो. चौथ्याबद्दल शंका होती. पावसात घाई झाली तेव्हा तिथल्या मावशींनी डोमकळ्या (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं) दिसलेल्या झाडांचीच बोंडं तोडून दिली होती. त्यांचा हेतू चांगला होता. अळी दाखवायला बोलावलंय असं त्यांना वाटलं. पण अळी शोधायला गेलं तर प्रमाण कळत नाही. ते कळायला बोंड न बघता निवडावं लागतं.

म्हणून चिठ्ठ्या केल्या. जुन्या कॅलेंडरचे तुकडे करून एका डब्यात ओळींचे आकडे आणि दुसऱ्यात पावलांचे. ओळ १७, पावलं ३२ अशी चिठ्ठी निघाली की तिथे जाऊन उजव्या हाताच्या झाडाचं त्या वयाचं पहिलं बोंड घ्यायचं. धुऱ्याजवळून, म्हणजे बांधाजवळून, जायला सोपं पडतं म्हणून तिथलीच बोंडं घेण्याकडे ओढ असते, ती चिठ्ठीनं थांबते. पोरांना हे काम फार आवडलं आणि त्यांच्यामुळे वेगही वाढला.

चौथ्या वावरात २० पैकी ४, म्हणजे २० टक्के. आधीचे ४० होते. निर्णय बदलला नाही, पण आकडा अर्ध्यावर आला. सहाव्यात २० पैकी १.

फोडताना काय किडकं म्हणायचं यावरही वाद झाला. दोन बोंडं आतून काळी, सडकी होती, पण अळी नाही, तिची विष्ठा नाही, पाकळीच्या आतल्या बाजूला फोड नाहीत. ती बोंडसड धरली, किडक्यांत घेतली नाहीत. जिवंत अळी, किंवा अळी बाहेर पडल्याचं गोल भोक, किंवा आत खाल्ल्याची खूण, यांतलं एक असेल तरच किडकं. हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून टाकलं, म्हणजे दोन्ही तुकड्या एकच माप लावतील.

१८ सप्टेंबर

दुरुस्त तक्ता: बोंडं १८०, किडकी १४, प्रमाण ७.८ टक्के. १० च्या खाली आहे. हाच आकडा धरून कोणीच फवारू नये असं म्हटलं असतं तर मोठं नुकसान झालं असतं, कारण पेरणीचा रकाना धरून तक्ता दोन भागांत केला तेव्हा चित्र वेगळंच दिसलं.

मेअखेरची ओलिताची वावरं ३, ४ आणि ८: ६० बोंडांत ९ किडकी, १५ टक्के.

जूनची कोरडवाहू वावरं १, २, ५, ६ आणि ७: १२० बोंडांत ५ किडकी, ४.२ टक्के.

लवकरच्या पेरणीला पात्या (फुलांच्या कळ्या) आणि फुलं लवकर येतात. पहिल्या पिढीच्या पतंगांना ती आयती मिळतात आणि अळी तिथेच वाढते. हे सगळ्यांना माहीत होतं, पण एकत्र आकड्यात ते झाकलं गेलं. गावाचं प्रमाण तालुक्याला कळवायला ठीक आहे. पंप उचलायचा की नाही हे वावराच्या, निदान एकसारख्या वावरांच्या, प्रमाणावर ठरवायचं.

ओलिताच्या तीन वावरांत, म्हणजे ७ एकरांत, फवारणी ठरली. हातमोजे आणि मास्क गटाच्या पैशातून आणले. उरलेल्या २० एकरांत नाही. औषध आणि मजुरी धरून इकडे एकरी साधारण ९०० रुपये पडतात, म्हणजे या खेपेचे १८,००० रुपये खिशात राहिले.

बोंडं फोडून वाया जातात अशी कुरकुर होती, तिचाही हिशेब करून दाखवला. १८० बोंडं, एका बोंडाचा कापूस साधारण ४ ग्रॅम, एकूण ७२० ग्रॅम. किलोला ७५ रुपये भाव धरला तर ५४ रुपये. आठ घरांत वाटले तर सात रुपयेही येत नाहीत.

२० सप्टेंबर

दुसऱ्या वावराच्या काकांचं शून्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

२० बोंडांवरून काढलेलं प्रमाण किती हलतं याचा अंदाज असा काढता येतो: प्रमाणाला एक वजा प्रमाणानं गुणायचं, बोंडांच्या संख्येनं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. २० पैकी २ असतील तर ०.१ गुणिले ०.९ म्हणजे ०.०९. भागिले २० म्हणजे ०.००४५. वर्गमूळ ०.०६७. म्हणजे १० टक्क्यांच्या आकड्याला ६.७ टक्क्यांची हालचाल सहज असते, आणि तिच्या दुप्पट अंतरापर्यंत खरा आकडा असू शकतो. बोंडं ८० केली तर हीच हालचाल ३.४ वर येते. चौपट बोंडं फोडली तेव्हा चूक निम्मी झाली, चौथा हिस्सा नाही. वेळ किती घालायचा हे ठरवताना हे लक्षात ठेवावं लागतं.

शून्यासमोर हे सूत्र लंगडं पडतं. ० गुणिले १ म्हणजे ०, चूकही शून्य, जणू त्या वावरात अळी नाहीच अशी खात्री. तसं नसतं. ज्या वावरात खरोखर १० टक्के बोंडं किडकी आहेत तिथेही २० च्या २० चांगली निघण्याची शक्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे १२ टक्के. आठातल्या एका खेपेला असं होऊ शकतं. अशा वेळी ढोबळ हिशेब वापरतात: ३ भागिले बोंडांची संख्या. ३ भागिले २० म्हणजे १५ टक्के. शून्य सापडलं तरी खरं प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत असू शकतं.

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग शून्याचा काय फायदा?" फायदा एवढाच की आज फवारायचं कारण नाही. वावर साफ आहे असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही. वहीत दुसऱ्या वावरासमोर 'पुन्हा पाहणे' असं लिहिलं आणि पुढच्या फेरीत प्रत्येक वावराला ४० बोंडं ठरवली.

कोरडवाहू भागातली किडकी बोंडं पाचच आहेत. इतक्या कमी आकड्यावर वर्गमूळाचं सूत्रही ढोबळच चालतं, तेही नोंदवून ठेवते.

४ ऑक्टोबर

दुसरी फेरी, प्रत्येकी ४० बोंडं. चिठ्ठ्या आधीच काढून ठेवल्यामुळे काम दुपारच्या आत आटोपलं.

ओलिताची: तिसऱ्यात ३, चौथ्यात ६, आठव्यात २. १२० पैकी ११, म्हणजे ९.२ टक्के. फवारणी लागू पडली असं दिसतं, चौथ्या वावरात मात्र अजून १५ टक्के आहे. तिथे कृषी सहायकांना विचारून औषधाचा गट बदलला, तेच ते मारलं नाही.

कोरडवाहू: पहिल्यात ३, दुसऱ्यात ७, पाचव्यात २, सहाव्यात ३, सातव्यात २. २०० पैकी १७, म्हणजे ८.५ टक्के.

शून्याच्या वावरात आज ४० पैकी ७ निघाली, १७.५ टक्के. त्याच वावरातल्या सापळ्यात सलग तीन रात्री ८ च्या वर पतंग होते, म्हणजे दोन्ही साक्षी जुळल्या. काकांनी दोन एकर दुसऱ्या दिवशी सकाळीच, वारा पडलेला असताना, फवारून घेतले. बाकी चार कोरडवाहू वावरं फवारली नाहीत.

या फेरीत टक्क्यांची सरासरी काढली तरी उत्तर तेच येतं: ७.५, १७.५, ५, ७.५ आणि ५ यांची सरासरी ८.५. खालचा आकडा सगळीकडे ४० असल्यामुळे हे जुळलं. ताईंचं म्हणणं होतं की मग त्यांची पद्धतही बरोबरच. बोंडं सारखी असतील तेव्हा बरोबर, एवढं ठरलं.

तालुक्याला कळवायच्या आकड्यात अजून एक अडचण निघाली. दुसरं वावर २ एकरांचं, सातवं ८ एकरांचं, आणि दोन्हीकडे बोंडं ४०. गावच्या कोरडवाहू कपाशीत किती बोंडं किडकी असा प्रश्न असेल तर सातव्या वावराचं वजन जास्त हवं. एकर अनुक्रमे ३, २, ४, ३ आणि ८. प्रत्येक वावराचे टक्के गुणिले एकर: २२.५, ३५, २०, २२.५ आणि ४०. बेरीज १४०, भागिले २० एकर, म्हणजे ७ टक्के. कळवताना हाच आकडा दिला आणि सोबत तो कसा काढला तेही लिहिलं. नुसते टक्के पाठवायचे नाहीत, किती बोंडांपैकी किती हे नेहमी सोबत द्यायचं.

२ नोव्हेंबर

सातव्या वावरात दोन्ही तुकड्या मुद्दाम वेगवेगळ्या पाठवल्या, एकमेकींचं मोजणं जुळतं का ते बघायला. पहिलीचे ४० पैकी ३, दुसरीचे ४० पैकी ९. म्हणजे ७.५ आणि २२.५ टक्के.

एवढा फरक नुसत्या योगायोगानं पडू शकतो का, तेही पाहिलं. दोन्ही मिळून ८० पैकी १२, १५ टक्के. ते धरून दोन तुकड्यांमधल्या फरकाची हालचाल साधारण ८ टक्के येते. फरक १५ टक्के, म्हणजे तिच्या दुपटीला जरासा कमी. योगायोग नाहीच असं छातीठोक म्हणता येत नाही, पण दुर्लक्ष करावं असंही नाही. म्हणून जाऊन पाहिलं.

दुसऱ्या तुकडीला उशीर झाला होता, चिठ्ठ्या बाजूला ठेवून त्यांनी पूर्वेच्या धुऱ्याकडून बोंडं घेतली होती. आणि त्या धुऱ्यापलीकडे गेल्या हंगामाच्या पराट्यांची (कपाशीच्या वाळलेल्या झाडांची) गंजी अजून तशीच रचलेली. सुप्तावस्थेतल्या अळ्या अशा पराट्यांत आणि वाळलेल्या बोंडांत टिकून राहतात आणि पाऊस पडला की त्यांचे पतंग बाहेर पडतात. पूर्वेच्या पट्ट्यात पुन्हा चिठ्ठ्या टाकून ४० बोंडं घेतली, त्यांत ८ किडकी निघाली. बाकीच्या वावरात ४० पैकी ३.

इथे सरसकट प्रमाण काढण्यात अर्थ नव्हता. पूर्वेचा पट्टा, अंदाजे दीड एकर, वेगळा धरून तेवढ्यातच फवारणी केली. गंजीच्या मालकांशी बोलणं झालं आहे. चुलीला लागतात म्हणून ठेवल्या होत्या. घरी नेऊन जाळून संपवतो म्हणाले. यापुढे तक्त्यात 'वावराचा भाग' असा नवा रकाना असेल आणि गंजी, जिनिंग किंवा कापसाची साठवण जवळ असेल तर तिथली बोंडं वेगळी मोजली जातील.

२८ नोव्हेंबर

दुसरा वेचा सुरू आहे. त्या वयाची हिरवी बोंडं आता प्रत्येक वावरात ४० भरत नाहीत. पाचव्यात ११ च मिळाली, त्यांत २ किडकी. १८ टक्के असं लिहायचा मोह होतो. मी '११ पैकी २' असंच लिहून ठेवलं आणि त्यावरून काही ठरवलं नाही. या वेळेला फवारणीपेक्षा वेचणी लवकर आटोपणं जास्त कामाचं आहे.

फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही आणखी कापसासाठी तीच कपाशी उभी ठेवणं, ठेवायची नाही हे गटात एकमतानं झालं. ओलिताच्या दोन घरांना ते जड गेलं, भाव बरा असला की आणखी दोन-चार क्विंटल सोडवत नाहीत. डिसेंबरअखेर पराटी उपटून वावर मोकळं करायचं, ठरलं आहे.

शेजारच्या गावातून वही मागायला दोघी आल्या होत्या. त्यांना कोरा तक्ता दिला आहे: वावर क्रमांक, एकर, पेरणीचा महिना, वावराचा भाग, तारीख, फोडलेली बोंडं, किडकी बोंडं, अळ्या, सापळ्यातले पतंग, मोजणारी कोण. टक्क्यांचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही, तो सगळे आकडे तपासल्यावर शेवटी काढायचा. चिठ्ठ्यांचे डबेही त्यांना हवे आहेत, पण ते पोरांकडे आहेत. रविवारी मिळतील.